सायबाचं गवत

इंदूबाई साळवे खुरपायला बसल्या की मागं तण राहत नसे, हे परभणीकडच्या त्यांच्या गावात कुणालाही विचारा. आठव्या वर्षापासून ते नवऱ्याला मुंबईत खोली मिळेपर्यंत त्या दुसऱ्यांच्या रानात रोजानं खुरपत होत्या. स्वतःचं म्हणावं असं ढेकूळ ना माहेरी होतं, ना सासरी. पण इंदूनं खुरपलेल्या पातीकडं मागं वळून बघायला लागत नाही, असं मालकिणीच एकमेकींना सांगायच्या. त्यातून हराळी दिसली की मग विचारूच नका. हराळीची एक काडी जमिनीत राहिली तर पुढच्या पावसात अख्खं वावर तिचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ती मुळापासून खणायची, बांधावरच्या दगडावर वाळवायची आणि वाळली की जाळायची. उकिरड्यावर टाकली तर खतातून परत रानात येते.

असल्या बाईच्या नवऱ्याला गवत लावायचे डोहाळे लागले, आता काय म्हणावं?

कोंडिराम साळवे फोर्टातल्या एका कंपनीत शिपाई होते. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी नवघरला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या, आणि दारापुढं पंधरा हात लांब, बारा हात रुंद अशी मोकळी जमीन उरली. इंदूबाईंच्या डोळ्यांपुढं लगेच वांगी, मिरच्या आणि कोपऱ्यात एक शेवगा. कोंडिराम म्हणाले, इथं लॉन करायचं. त्यामागं जुनं दुखणं होतं. साहेबाच्या वांद्र्याच्या बंगल्यावर थंडीत हिरवळीवर चहापाणी व्हायचं. शिपायांनी ट्रे न्यायचे ते कडेच्या विटांवरून. गवताला चप्पल लागता कामा नये. सव्वीस वर्षं माणूस त्या विटांवरून चालला. त्यांचं मागणं एवढंच, की रिटायर होताना आपल्या दारात आपलं गवत असावं, ऑफिसातल्या चार सोबत्यांना त्यावर बसवावं आणि त्यांच्यात आपणही मांडी घालावी. हातात पाच वर्षं होती. इंदूबाईंनी वांग्यांचा विषय मनातच मिटवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

जमीन म्हणजे मुळात खारी, वरून इमारतींच्या मोडतोडीचा भराव. लव्हाळा, टाकळा, गाजरगवत, म्हणाल ते तिथं फुकट उगवायचं. पहिल्या पावसाळ्यात कोंडिरामांनी कोयत्यानं सगळं सपाट केलं आणि झालं लॉन म्हणून हात झटकले. आठ दिवसांत लव्हाळा पहिल्यापेक्षा जोमानं उभा. लव्हाळ्याला खाली गाठी असतात, त्या काढल्याशिवाय तो जात नाही, हे उंबऱ्यात बसलेल्या इंदूबाईंना माहीत होतं. पण साहेबलोकांच्या विद्येत आपण कशाला तोंड घाला, म्हणून त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या वर्षी काशीगावाकडून टेम्पोभर लाल माती आणली, तर तिच्याबरोबर नवा लव्हाळा आला. तेव्हा मात्र बाईंना राहवेना. पदर खोचून त्या उतरल्या आणि नवराबायकोनं अख्खा उन्हाळा, दर रविवारी, वाळूच्या चाळणीनं ती माती चाळली. गाठी बादल्या भरभरून निघाल्या. शेजारच्या विमलाबाई कुंपणावरून विचारायच्या, की मातीच्या भाकऱ्या थापायच्यात का?

पुढं साहेबाच्या बंगल्यावरचा माळी महिपत एकदा येऊन जमीन बघून गेला. भर उन्हाळ्यात काळं प्लास्टिक अंथरा, कडा दाबून टाका, खालचं बी शिजू द्या. पावसात खार धुऊन जाऊ द्या, शेणखत घाला आणि घाई करू नका, असं त्यानं सांगितलं. कोंडिरामांनी लागोपाठ दोन वर्षं ते केलं. त्र्याण्णवच्या जुलैत महिपतनं गोणीभर गवत पाठवलं. त्याचं नाव सिलेक्शन वन. ते बी नव्हतं, मुळांच्या नुसत्या काड्या होत्या, आणि त्या चार-चार बोटांवर टोचायच्या होत्या. कोंडिरामांनी आठवड्याची रजा टाकून एकट्यानं त्या टोचल्या.

एकट्यानं, कारण इंदूबाई तेव्हा नांदेडला होत्या. लेकीला, पंचशीलाला, पहिल्या खेपेला डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली होती, म्हणून आईच तिकडं गेली. बाळंतपण उरकून त्या सप्टेंबरात एका रात्री उशिरा परतल्या, त्याच दिवशी तार आली की कोंडिरामांच्या भावाला अर्धांगाचा झटका आलाय. कोंडिराम पहाटेच निघाले. पिशवी खांद्याला लावता लावता एवढंच म्हणाले, "पावसानं ओढ दिलीय. गवताला पाणी घाल, आणि त्यात दुसरं काही येऊ देऊ नको."

उजाडल्यावर इंदूबाई पाण्याची बादली घेऊन अंगणात आल्या आणि बादली तिथंच ठेवली. अंगणभर हराळी होती. तेच बारीक पान, जमिनीला चिकटून पळणारं तेच खोड, सांध्यासांध्याला मूळ. मग सायबाचं गवत कुठं गेलं? ते त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. मऊ, रुंद पानाचं, विलायती काहीतरी असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. शोधता शोधता नळाजवळ तशा मऊ पानाचे दहा-बारा ठोंब सापडले. म्हणजे एवढंच वाचलं, बाकीचं हराळीनं खाल्लं!  नोव्हेंबर अखेर माणूस रिटायर होणार, पाच वर्षं त्यानं मातीत घातली, आणि आपल्या राखणीत हे.

त्या बसल्या त्या नऊ दिवस बसल्या. खुरपं पुरेना तेव्हा पहार घेतली आणि हातभर खोल गेल्या. निघालेली मुळं कुंपणाच्या दगडांवर वाळवली, वाळली तशी जाळली. वाचलेले ठोंब नीट फोडून चार-चार बोटांवर लावले आणि त्यांना वाटीवाटीनं पाणी घातलं. बोटं सोलली, त्यांवर चिंध्या बांधल्या. इतकी स्वच्छ खुरपणी त्यांनी पाटलाच्या रानातही केली नसेल.

कोंडिराम परत आले तेव्हा भाऊ सावरला होता, ते खुशीत होते. इंदूबाईंनी त्यांना पाय धुवायच्या आधीच अंगणात नेलं. लाल माती चाळल्यासारखी साफ, आणि तिच्यावर ओळीनं लावलेला चिमणचारा, जो पावसाळ्यात कुठल्याही गटाराच्या कडेला उगवतो.

"सगळी हराळी माजली होती," इंदूबाई म्हणाल्या. "एक काडी ठेवली न्हाई."

कोंडिरामांनी वाकून मातीकडं बघितलं, मग बायकोच्या हातांकडं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

निरोपाचा समारंभ ऑफिसच्या कॅन्टीनमध्येच उरकला. घरी का नाही, असं इंदूबाईंनी विचारलं तेव्हा लोकांना नवघर लांब पडतं म्हणाले. थंडी लागली तसा चिमणचारा वाळून गेला. विलायती गवताला इथली हवा मानवत नाही, असा बाईंनी त्याचा अर्थ लावला.

डिसेंबरात एका रविवारी महिपत नारळ घेऊन भेटायला आला. कोंडिराम दूध आणायला गेले होते. अंगण बघून तो चकित झाला, गवत कुठंय म्हणाला. इंदूबाईंनी हराळीची हकीकत सांगितली, काहीशा तोऱ्यातच सांगितली. महिपत बिचारा सरळ माणूस.

"वहिनी, सिलेक्शन वन म्हणजे हराळीच. निवडून काढलेली, जरा बारीक पानाची."

इंदूबाईंनी त्याला चहा केला, कप हातात दिला, आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. गवत गेल्याचं वाईट वाटलंच, पण अडीच महिने या माणसानं एक अक्षर काढलं नाही, ते जास्त लागलं. दुसऱ्या कुणाच्या हातून काम झालं असतं तर चार काड्या तरी राहिल्या असत्या, आणि चार काड्यांवर हराळी पुन्हा उठली असती. इंदूबाईंच्या हातून एकही सुटली नव्हती. महिपत गेल्यावर त्यांनी नवऱ्याला तोंडावर विचारलं, की मला बोलला का नाहीत?

"तुझ्या बोटांना चिंध्या होत्या," कोंडिराम म्हणाले. "मी काय बोलणार?"

पुढच्या जुलैत महिपतकडून गोणी आणायला इंदूबाई स्वतः वांद्र्याला गेल्या. टोचायलाही त्याच बसल्या आणि कोंडिरामांना हात लावू दिला नाही. काडी मातीत जायची, अंगठा वरून दाबायचा, आणि दर काडीला बाईंचा जीव कसनुसा व्हायचा. नोव्हेंबरात अंगण भरलं. ऑफिसातले सोबती आता कोण गावी, कोण मुलाकडं; बोलवायचं कुणाला? संध्याकाळी दोघंच बाहेर आले. कोंडिराम चप्पल काढून मध्यभागी मांडी घालून बसले. इंदूबाई शेजारी बसल्या, पण त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते.

कोंडिरामांना हसू आलं. एखादी काडी उपटलीस तरी मरत नाही ती, असं ते म्हणाले.

"नको," इंदूबाई म्हणाल्या. "एक उपटली की मी थांबत न्हाई."