उत्पलाचं झबलं

मोरिवलीच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या तपासणारी प्रीती घरातही कुणाचं उगाच ऐकून घेत नाही. चार वर्षांपूर्वी तिची उत्पला जन्मली आणि तिसऱ्याच दिवशी रक्तात जंतुसंसर्ग झाला. बावीस दिवस पोर काचेच्या पेटीत होती. तेव्हापासून "दुसरं कधी?" विचारणाऱ्याला प्रीती दारातूनच वाटेला लावायची.

यंदा मात्र तिनं नवऱ्याला घेऊन डॉक्टरांना गाठलं, मनातलं सगळं विचारून घेतलं आणि रविवारी जेवताना सांगून टाकलं, "आम्ही दुसरं मूल होऊ देणार."

सासू द्रौपदीबाई हरखल्या. बाळाला पहिलं झबलं एखाद्या धडधाकट मुलाचं जुनं घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. "खरवईला राहणाऱ्या तुझ्या जावेकडून आत्ताच मागून ठेवते. तिचा पोरगा कधी शिंकलासुद्धा नाही."

"काही नको," प्रीती ताडकन उठली. दवाखान्यातून घरी येताना उत्पलाला घातलेलं पिवळं झबलं तिनं कपाटातून काढलं. "हे घालणार."

"अगं, आजारी पोरीचं?"

"आजारी नाही, आई. बऱ्या झालेल्या पोरीचं. कधी शिंकलाच नाही, त्याला काय ठाऊक बरं कसं व्हायचं ते?"