फरशीवर ठेवलेलं घड्याळ

काल भर दुपारी, घड्याळाच्या दुकानाबाहेर चांभारकाम करणाऱ्या दगडूकाकांचा अपमान झाला. तो माझ्या सख्ख्या मामाने केला. जावयासाठी त्याने उजेडावर चालणारं घड्याळ निवडलं. चामड्याचा पट्टा नाकाशी धरून म्हणाला, "वा, अस्सल आहे." जावयाचं मनगट बारीक, म्हणून पट्ट्याला आणखी एक भोक हवं होतं. काकांनी हात पुढे केला. मामाने घड्याळ फरशीवर ठेवलं.

"जावईबापू हे हातावरच बांधणार ना, साहेब?" काका म्हणाले.

काकांनी घड्याळ उचलून हातावर घेतलं आणि पट्ट्याला भोक पाडलं. घड्याळ मात्र काकांच्या तळहातावरचंही ऊन मुकाट पीत राहिलं. उजेड कुणाच्या अंगणातला, हे ते विचारत नाही. चामडं चालतं आणि माणूस चालत नाही, याची मला शिसारी आली.

तुमचा पट्टा तुटेल तेव्हा तो हातात द्या.