मातीखालचा निळा कागद

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. माझ्या वह्यांत सगळं असतं — सिलिंडर कधी लावला, कुणाच्या लग्नात काय आहेर केला, कोणता नळ गळतो — पण ही गोष्ट एकाही वहीत नाही. आज सांगतेय, कारण आज दुपारी मी तेच खोटं पुन्हा बोलले. आणि किती सहज बोलले.

अंबाजोगाईतलं आमचं घर निजामाच्याही आधीचं. दगडी भिंती, सागवानी तुळया आणि वर माळवद — म्हणजे तुळयांवर फळ्या, फळ्यांवर निंबाचा पाला, त्यावर हातभर माती आणि सगळ्यात वर पांढरी माती, चोपून चोपून बसवलेली. कॉलेजची मुलं येऊन फोटो काढतात. फोटोत हे येत नाही, की दर वर्षी पावसाआधी ती पांढरी नव्यानं पसरावी लागते, गवत उपटावं लागतं, पावसाचं पाणी जायच्या पनाळी मोकळ्या कराव्या लागतात. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या मे महिन्याच्या यादीत पहिली ओळ तीच. मी कामं संपवणारी बाई. हे काम संपत नव्हतं. मला ती ओळ कायमची खोडायची होती — एवढंच कारण. मोठं काही असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

माळवद घालायचे किसनमामा. नात्यातले नव्हेत, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे दादांच्या, लहानपणापासूनच्या सोबतीतले. त्यांच्याशिवाय कुणी वर पाय ठेवलेला दादांना चालत नसे. सहा वर्षांपूर्वी माळवद पूर्ण उकलून नव्यानं घालायचं ठरलं, तेव्हा मी बाजारातून जाड निळा प्लास्टिकचा कागद आणला. फळ्यांवर कागद, त्यावर माती. पाणी खाली येणारच नाही. मग दर वर्षी पांढरी कशाला?

मामांनी कागद बोटांत धरून पाहिला. "ताई, ह्यो नका घालू. कडंनं पानी शिरंल, अन् शिरलं की निघायचं न्हाई. लाकूड आतल्या आत कुजंल."

मी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मी म्हटलं, तुम्ही नाही घातला तर घालणारे दुसरे मिळतील. आणि दादांना, घरात कुणालाच, यातलं काही कळता कामा नये. मामांनी कागदाची गुंडाळी उचलली.

"न्हाई सांगनार," म्हणाले. "शब्द हाय माजा. पर तुमी लई घाई करता."

तीन पावसाळे एक थेंब पडला नाही. मी ती ओळ लाल पेनानं खोडली. पुण्याहून दीर फोनवर म्हणायचे, वहिनी आहेत म्हणून घर उभं आहे. मी ते ऐकून घ्यायचे. मला आवडायचं.

चौथ्या भाद्रपदात, भर दुपारी, माजघराचं माळवद खाली आलं. दादा नुकतेच उठून ओसरीवर गेले होते. त्यांची खाट मातीखाली गेली. धक्क्यानं त्यांना भोवळ आली, नवरा त्यांना घेऊन दवाखान्यात गेला. घरात मी एकटी. तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? हात जोडले? रडले? मी खोरं घेतलं. ढिगाऱ्यातून निळा कागद ओढून काढला, तुकडा न् तुकडा, आणि दोन पोत्यांत भरला. त्याच्याखालच्या फळ्या बोटांनी चुरत होत्या. पोती दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेली. अगदी नीट, पद्धतशीर — मी कुठलंच काम अर्धवट ठेवत नाही ना.

मग दीर आले आणि त्यांनी मामांना बोलावून घेतलं. अंगणात गल्लीतली माणसं जमली. जुनं सडकं लाकूड घातलंत, म्हातारा मेला असता, असं दीर ओरडत होते. मामा ढिगाऱ्याकडे बघत होते. ते निळं शोधताहेत हे मला कळलं. निळं कुठेच नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताईंना इचारा," एवढंच म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले.

"मला लाकडातलं काय कळतं?" मी म्हणाले. "मी मामांवर विश्वास टाकला होता."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. आणि पुढचं ऐका — मला मामांचाच राग आला. का गप्प बसले? कागद, कागद म्हणून का ओरडले नाहीत? मला दिलेला शब्द असा पाळायची गरज काय होती? त्या रागात मी कितीतरी महिने मजेत जगले.

दादा काठी टेकून उभे होते. म्हणाले, "किसन्या, परत ही पायरी चढू नको बे."

त्यानंतर मामांना माळवदाच्या कामाला कुणी बोलावलं नाही. हयातभर दुसऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर सांभाळलेला माणूस आता लोकांच्या शेळ्या राखतो. मागच्या वर्षी दादा गेले. मामांनी आपल्याला फसवलं, असं मानून गेले. मामा आले होते. पायरीपाशी थांबले. वर कुणी बोलावलं नाही. माझ्या हातात पाहुण्यांच्या चहाची यादी होती. मी पाहिलं आणि आत गेले.

पुढच्या दोन खोल्यांना आम्ही माजघर कोसळलं तेव्हापासून कुलूप लावलं होतं. आता त्यांचंही छप्पर बदलायला काढलंय. आज दुपारी नव्या मिस्त्रीनं माती ओढली आणि खालून निळा कागद वर आला. त्याच्याखाली काळं, ओलं, कुजलेलं लाकूड.

"कोन्या येड्यानं घातला हो ह्यो?" त्यानं विचारलं.

दादा नव्हते. दीर नव्हते. अंगणात जमलेलं कुणी नव्हतं. कुणाची भीती होती मला?

"आधीच्या मिस्त्रीनं," मी म्हणाले, आणि वहीत लिहिलं — कागद काढून टाकणे.

मामांचं गाव इथून अर्ध्या तासावर आहे. मी एकदाही गेलेले नाही. कागद मी आणला होता. दुकानात काळाही होता. निळा मी निवडला. मामा तीन वेळा नको म्हणाले होते.