शालींखालचे खासदार

दुपारचा वरणभात पोटात गेला की वच्छलाबाईंच्या पापण्या जड होतात. पण आज त्या झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला म्हणून दिवाणावर आडव्या झाल्या आहेत. संध्याकाळी गाडी येणार आहे. पक्षाच्या नव्या कार्यालयातल्या सभागृहाला त्यांच्या नवऱ्याचं, गुणवंतराव बोरकुटे यांचं नाव दिलं आहे आणि फीत वच्छलाबाईंनी कापायची आहे.

डोळे मिटले की पंख्याचा आवाज लांब जातो, उघडले की जवळ येतो. ह्या दोन्हींच्या मध्ये त्या घोळवत पडल्या आहेत दोन वाक्यं. राजू कोहपरेने काल फोनवर पाठ करून घेतलेली.

"भाषण नको जी, काकू. दोनच वाक्यं. साहेब शेवटच्या श्वासापर्यंत पक्षाचेच होते, आणि आज त्यांच्या आत्म्याला शांती लाभली. बस. टाळ्या होतील, चहा होईल, तुम्ही घरी."

राजू म्हणजे शेजारच्या मतदारसंघाचा खासदार. कॉलेजात होता तेव्हापासून ह्या घरात जेवलेला. त्याचं पहिलं तिकीट गुणवंतरावांनी दिल्लीत भांडून आणलं होतं. निवडणूक आता तोंडावर आली आहे आणि जंगलपट्टीतली गावं अजून साहेबांचंच नाव काढतात, हे वच्छलाबाईंना कोणी समजावून सांगायला नको. चूल फुंकता फुंकता राजकारण कळायला लागलेली बाई आहे ती.

पण पहिलं वाक्य खोटं नाही, हाच तर सारा घोटाळा आहे. गुणवंतरावांनी पक्ष सोडला नव्हता. खाणींसाठी गावाला न विचारता जमीन घेता येईल असा कायदा त्यांच्याच पक्षाने आणला, तेव्हा ते त्याच्याविरुद्ध संसदेत उभे राहिले. त्यापायी त्यांचं तिकीट कापलं गेलं, जिल्ह्याच्या बैठकांना बोलावणं बंद झालं. दुसऱ्या पक्षांचे लोक दारात गाड्या घेऊन आले. गुणवंतराव त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. "घर गळतं म्हणून कोणी शेजाऱ्याच्या ओसरीवर संसार मांडतं का?" म्हणायचे. तेव्हा वाक्य खरंच आहे. राजूच्या तोंडून आलं की मात्र ते नासतं. आणि तरी वच्छलाबाई हो म्हणाल्या आहेत. भिंतीवर नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत बघायचं होतं, म्हणून.

पंखा लांब जातो. दिवाण पायथ्याच्या बाजूने दबतो.

"पाय आवर जरा," गुणवंतराव म्हणतात.

वच्छलाबाई पाय आवरतात. दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस पायाशी येऊन बसला, ह्याचं त्यांना नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या अवताराचं. भर उन्हाळ्यात त्यांनी शाली पांघरल्या आहेत. एक नाही, एकावर एक. जरीच्या काठांच्या, पश्मिन्याच्या नावाखाली खपवलेल्या, पिवळ्या, किरमिजी. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. मध्ये तेवढा चेहरा, घामाने डबडबलेला.

"अहो, हे काय सोंग?"

"काढता येत नाहीत. हातच वर होत नाही."

"कोणी घातल्या?"

"आपल्याच लोकांनी. सत्कार केला," ते म्हणतात. "तिकडे पण चालूच आहेत सत्कार. मेल्यावर तर जोर वाढला."

वच्छलाबाई उठून बसतात आणि वरची शाल ओढतात. ही त्यांना ओळखू येते. नागपूरच्या अधिवेशनातली. गुणवंतराव त्या दिवशी खाणींवर बोलणार होते. त्यांचं नाव पुकारलं, ते उठले, माईकपाशी पोचायच्या आत चार जण आडवे आले आणि त्यांनी शाल घातली, नारळ दिला, मोठ्या आवाजात "ज्येष्ठ मार्गदर्शक" म्हटलं, फोटो काढला आणि दोन्ही दंडांना धरून त्यांना सोफ्यावर आणून बसवलं. वेळेअभावी पुढचा विषय. नारळ मांडीवर घेऊन बसलेला नवरा वच्छलाबाईंनी बायकांच्या रांगेतून पाहिला होता. लग्नात रुसलेल्या व्याह्याला बसवतात तसा.

"त्या दिवशी नारळ फेकून मारायला पाहिजे होता," त्या म्हणतात.

"कोणाला? गर्दी फार होती. नेमका धरता आला नसता."

"तुम्हाला हसू येतं. मला नाही येत."

दुसरी शाल पंचाहत्तरीची. स्टेजवर पुष्पहार, खाली पुरणपोळी, आणि जेवणाच्या पंगतीतच कोणीतरी सांगितलं की इथलं तिकीट एका कंत्राटदाराच्या मुलाला जाहीर झालं. सकाळपासून सगळ्यांना माहीत होतं. वाढणाऱ्यांना, आचाऱ्यालासुद्धा. तेव्हाच लक्षात आलं होतं वच्छलाबाईंना की ह्या लोकांची एक रीत आहे. माणसाला मारायचं असलं की आधी त्याला ऊब देतात. शिवी दिली तर माणूस उलटून बोलतो. शाल घातली तर त्याला हात जोडावे लागतात, आणि जोडलेल्या हातांनी काही करता येत नाही.

त्या ओढतात, ओढतात. शाली संपत नाहीत. त्यांचे दात आवळले जातात. एक टाकायला म्हणून त्या खुंटीकडे वळतात तर ती खुंटी दिल्लीच्या फ्लॅटमधली असते.

खासदारांचा फ्लॅट. पायाखाली गार फरशी. ओट्यावर वीस माणसांचा चहा उकळतो आहे, आणि बैठकीच्या खोलीत एकही माणूस नाही. कायद्याविरुद्ध बोलल्यानंतरचे ते दिवस. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, मयताच्या घरी ठेवतात तशा. गुणवंतराव बंडी घालून खिडकीशी बसले आहेत. शाली आता नाहीत, पण खांदे वाकलेलेच आहेत.

बाहेरच्या व्हरांड्यात पावलं येतात. समोरच्या फ्लॅटमध्ये राजू राहतो. पावलं दारापुढे आली की हळू होतात. दार ओलांडलं की भरभर निघून जातात.

"राजूच आहे," वच्छलाबाई म्हणतात. "हाक मारू का? चहा आहे."

"नको. लेकराची पंचाईत होईल. आपल्या दारापुढून जाताना तो चपला हातात घेतो."

"लेकरू? पन्नाशीला आला. माझ्या हातचं भरीत खाल्लं आहे त्याने वर्षानुवर्षं."

"म्हणून तर चपला हातात घेतो. ज्यांनी खाल्लं नाही ते बूट वाजवत जातात."

वच्छलाबाईंना चीड येते ती ह्या समजूतदारपणाची. जन्मभर हा माणूस दुसऱ्याची अडचण आधी बघत आला. त्याला वाळीत टाकणाऱ्यांचीही. त्या तणतणत दाराकडे जातात, कडी काढतात आणि दार उघडतात. बाहेर व्हरांडा नाही. उंच छत आहे, हिरवा गालिचा आहे, अर्धगोलात मांडलेली बाकं आहेत. त्या वरच्या प्रेक्षक गॅलरीत उभ्या आहेत, आणि खाली, पार मागे, खांबाआडच्या जागेवर गुणवंतराव उभे राहिले आहेत. पाच वेळा निवडून आलेल्या माणसाला त्या अधिवेशनात पक्षाने खांबामागे जागा दिली होती.

हे त्यांनी तेव्हा इकडे घरी टीव्हीवर पाहिलं होतं. टीव्हीवर खांब दिसला नव्हता.

गुणवंतराव बोलू लागतात. माईकचा दिवा लागतो आणि विझतो. त्यांचे ओठ हलतात. वच्छलाबाईंना मात्र शब्द न् शब्द ऐकू येतो, जणू ते त्यांच्याच उशीशी बोलताहेत. "माझ्या भागातली माणसं निरक्षर आहेत, मुकी नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीन काढताना त्यांना विचारायचं नाही, हे ज्या पक्षाने मला हात वर करायला शिकवलं त्याने करू नये." बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही.

समोरच्या बाजूने विरोधक बाकं वाजवतात. धडाधड. गुणवंतरावांचा चेहरा कोमेजतो. ते मान वर करून थेट गॅलरीकडे बघतात.

"ऐकलंस?" ते म्हणतात. एवढ्या मोठ्या सभागृहात दुसरं कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. "ते माझ्यासाठी वाजवत नाहीत. आपल्या पक्षाला डिवचायला वाजवतात."

"मग माईक बंद केला तेव्हा ओरडायचं होतं."

"माईकचं काय घेऊन बसलीस. आठवडी बाजारात बिनमाईकचं बोललो आहे मी. इकडे बघ." ते हाताने आपल्या आजूबाजूची बाकं दाखवतात. त्यांच्याच पक्षाची. भरलेली. पांढरेशुभ्र कपडे, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. अगदी पुढच्या बाकावर राजू कोहपरे. मान खाली, मोबाईलमध्ये बघतो आहे. मोबाईलचा पडदा काळा आहे. "ह्यातल्या अर्ध्यांनी काल रात्री येऊन मला सांगितलं, साहेब, तुमचंच खरं आहे. मला मत नको होतं त्यांचं. एक हात हलला असता, वच्छला. आपल्यातला एक."

वच्छलाबाई कठड्यावरून वाकतात. "आज संध्याकाळी तुमच्या नावाचं सभागृह उघडतायत," त्या वरून सांगतात. "मी फीत कापायची आहे. जाऊ का?"

"माईक आहे का तिथे?"

"आहे की."

"तुझ्या हातात देणार?"

"दोन वाक्यं दिली आहेत म्हणायला."

गुणवंतराव हसतात. "मग ते सभागृह नाही. चार भिंतींची शाल आहे."

"म्हणजे नको जाऊ?"

"मला काऊन विचारतेस? मी मेलेला माणूस. माझ्या तोंडात आता कोणीही वाक्य घालतं. राजू घालतो. तूही घालशील आणि म्हणशील की ते असं म्हणाले असते." हे मात्र ते करड्या आवाजात म्हणतात, आणि तो आवाज त्यांनी जिवंतपणी कधी बायकोला लावला नव्हता. "तुला काय वाटतं ते सांग."

तुला काय वाटतं. ह्या घरात इतकी वर्षं राजकारण झालं आणि हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. वच्छलाबाईंच्या अंगात काहीतरी फुटतं. त्या जिना शोधत नाहीत. गॅलरीचा कठडा ओलांडतात आणि पाऊल थेट हिरव्या गालिच्यावर पडतं. लुगड्याचा पदर खोचून त्या बाकांच्या मधून चालत जातात. कोणी अडवत नाही, कोणी मान वर करत नाही. राजूच्या शेजारी जागा रिकामी आहे. त्या बसतात. समोरचं लाकूड गुळगुळीत, गार.

त्या हात उचलतात आणि मारतात.

आवाज इतका मोठा होतो की राजूच्या हातातला मोबाईल उडतो. त्या पुन्हा मारतात. ह्याच्यासाठी, ज्याला मांडीवर नारळ देऊन बसवलं. पुन्हा. वीस कप चहा मोरीत ओतला त्याच्यासाठी. मयताला खांदा द्यायला आलेल्यांनी फोटोवाला येईपर्यंत तिरडी उचलू दिली नव्हती, त्याच्यासाठी. हात भाजतो आहे, त्या थांबत नाहीत. मागे खांबाआडून गुणवंतरावांचा आवाज येतो. मोठा, स्वच्छ, आठवडी बाजारातला. ते आपलं राहिलेलं भाषण करत आहेत.

पुन्हा. पुन्हा.

"काकू? काकू, आहात ना जी आत?"

पंखा एकदम जवळ येतो. खिडकीतून उतरतं ऊन आलं आहे. वच्छलाबाई दिवाणावर कुशीवर पडल्या आहेत आणि त्यांचा उजवा हात कडेच्या सागवानी पट्टीवर आहे. बाहेर कोणीतरी दार ठोठावतं आहे.

त्या उठतात. केस नीट करत नाहीत, चूळ भरत नाहीत. दार उघडतात. राजू कोहपरे, इस्त्रीचा कुर्ता, मागे चालू ठेवलेली गाडी. तो वाकून नमस्कार करतो. सवयीने वच्छलाबाईही हात जोडायला जातात, आणि उजवा तळवा असा ठणकतो की हात जोडता येत नाहीत. त्या तळवा उलटा करून बघतात. लालबुंद झाला आहे. अंगठ्याखालचा मांसल भाग सुजून टणक झाला आहे, आणि बोटांच्या पेरांपाशी रक्त साकळून जांभळं दिसतं आहे.

"तयार नाही झालात? लोक येऊन बसले," राजू म्हणतो.

"मी येत नाही, राजू. ती पाटी उतरव. त्यांचं नाव तिथे नको."

"काकू, असं ऐन वेळी... साहेबांचा अपमान होईल."

राजूची नजर खाली जाते. "हे हाताला काय झालं?"

वच्छलाबाई तळवा त्याच्या तोंडासमोर धरतात, अगदी जवळ, त्याला नजर दुसरीकडे नेता येऊ नये इतका.

"बाक वाजवलं," त्या म्हणतात. "तू वाजवलं नाहीस म्हणून."