सरलेकडचा माझा फोन

टप्प असा एक आवाज असतो. करंड्याचं झाकण नीट बसलं की यावा तसा. लहानसा, पुरता, आणि झालेल्या गोष्टीवर पुन्हा चर्चा न करणारा. आश्विनातली दुपार होती. आंबी गावातल्या घराच्या पडवीत मी बसले होते, समोरच्या खाचरांतून पिकत्या भाताचा वास येत होता, आणि तो आवाज झाल्याबरोबर माझ्या काळजात बारीकशी कळ उठली. माझ्या धाकट्या जावेनं, सरलेनं, फोन मिटला होता. फोन तिचाच होता. म्हणजे आता तिचा. त्याआधी आठ वर्षं तो माझा होता. आणि त्या फोनवर ती जिच्याशी पाऊण तास हसूनखिदळून बोलत होती, ती माझी आई होती.

तुम्हाला म्हणून सांगते, चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हे. षड्रिपूंची नावं मी शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. त्यांत मत्सर सर्वांत शेवटी येतो. शेवटी बसतो खरा, पण पंगतीत सर्वांच्या आधी जेवून उठतो तोच! साडीचा मत्सर मला कधी वाटला नाही, दागिन्यांचा नाही, जावेच्या चुलीवरच्या भाकरीला माझ्या गॅसवरच्या पोळीपेक्षा जास्त मागणी असते त्याचाही नाही. आणि साठी ओलांडल्यावर मी जळावं कशावर, तर एका जुन्या, कोपरे झिजलेल्या, मिटायच्या फोनवर?

पण तो फोन तुम्ही पाहायला हवा होता. मिटला की मुठीत मावेल एवढा, रंग वांग्याचा. पाठीवर इवलीशी काचेची खिडकी. फोन आला की ती निळसर उजळे आणि तिच्यात नाव सरकत जाई, त्यामुळे उघडायचा की नाही हे आधीच ठरवता येई. अंगठ्यानं झाकण वर उडवलं की बोलणं सुरू, मिटलं की संपलं. वर्गातून बाहेर येऊन मी तो एका हातानं उघडत असे, तेव्हा मनातून मला आपण कोणीतरी आहोत असं वाटत असे, हेही कबूल करून टाकते. बटणं फुगीर, दाबली की बोटाला कळणारी; पाचाच्या बटणावर एक बारीक ठिपका, त्यावर अंगठा टेकला की न पाहताही बाकीची बटणं आपापल्या जागी सापडत. त्याचे दोष काय कमी होते? फोटो असे येत की माणूस आणि वासरू यांत फरक शोधावा लागे. एक अक्षर उमटवायला तेच बटण तीनतीनदा दाबावं लागे, म्हणून मी निरोप तोडके लिहीत असे. बिजागरी पुढे सैल झाली, झाकण मान टाकू लागलं. पण एकदा चार्ज केला की चार दिवस त्याची आठवण काढायला नको, आणि लोणावळ्याच्या दमट धुक्यात, ओल्या हातांनीसुद्धा, तो माझं ऐकत असे.

नंतर मुलानं मला मोठा फोन आणला, नव्या नंबरासकट. तो फोन माझा चेहरा ओळखतो म्हणे. पण पावसाळ्यात बोट जरा ओलं असलं की मला परकी बाई समजतो. बोलणं संपवायला त्याच्यावर लाल गोल शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत समोरच्यानं माझ्याबद्दल काढलेले उद्गार माझ्या कानावर पडतात. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या की तोच मला सांगतो, रस्त्यावर गर्दी आहे. अरे, ती मला खिडकीतून दिसते!

तर नवा आला आणि जुना मी सरलेला दिला. त्या दिवशीचं माझं औदार्य काय वर्णावं! मोठ्या जावेचा हात, आव असा की हत्तीच दान करते आहे. "राहू दे त्यातलं कार्ड, सगळ्यांचे नंबर आहेत, तुला उपयोगी पडतील," असं मीच म्हणाले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवायला मी आता समर्थ आहे. कारण त्या नंबराबरोबर मी काय दिलं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

माझी आई सोमाटण्याला माझ्या भावाकडे असते. ती शाळेत गेलेली नाही, आकडे तिला वाचता येत नाहीत. पण तिच्या साध्या बटणाच्या फोनवर माझा नंबर तिच्या बोटाला पाठ होता. ती आकडे दाबत नसे. तिचं बोट वाट चालल्यासारखं जाई. आधी उजव्या अंगाला, मग खाली, मग वरच्या कोपऱ्यात दोनदा, मग मधल्या ओळीतून आडवं. दृष्टी अधू झाली तरी बोट चुकलं नाही. अशी ही आठ वर्षांची पायवाट, आणि तिच्या टोकाचं घर मी परस्पर दुसऱ्याच्या नावावर करून मोकळी झाले!

पहिल्यांदा आईचा फोन गेला तेव्हा सरला बिचारी म्हणाली होती, "आई, मी कुंदाक्का न्हाई, सरला हाय." त्यावर आईनं विचारलं, "मग तूच बोल की. तुला काय तोंड न्हाई?" झालं! सरलेला तोंड आहे आणि चांगलं आहे. तेव्हापासून रोज दुपारी दोनला, भांडीकुंडी आवरली की, आईचं बोट त्या वाटेनं चालू लागलं.

मी स्वस्थ बसले असेन असं तुम्हाला वाटतं का? मी सोमाटण्याला गेले, आईच्या फोनवर माझा नवा नंबर एकाच बटणात बसवून दिला आणि तिला समोर बसवून शिकवलं: हे बटण दाबून धरायचं, बस्स. आईनं ते बटण दाबून पाहिलं, माझ्या पर्समधला मोठा फोन वाजला, ती हसली, आणि म्हणाली, "एका बटनात कुटं मानूस मावतंय?" पुढच्या दुपारी दोनला तिनं पुन्हा सरलेलाच फोन केला. संध्याकाळी मी स्वतः फोन करून विचारी, आज काय केलंस, औषध घेतलंस का, दुपारी उन्हात बसू नको म्हटलं होतं त्याचं काय झालं? ती म्हणे, "बरं हाय. सगळं सांगितलंय सरलेला. तिला इचार." पोटच्या मुलीनं आपल्या आईची खुशाली जावेकडून विकत आणल्यासारखी आणायची! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते भाजीबद्दल असावं अशी माझी समजूत होती.

त्या दुपारी पडवीत फोन मिटून सरला माझ्याकडे वळली ती आनंदातच होती. म्हणाली, "आक्का, सोमवारी आईंच्या डोळ्याचं आपरेशन ठरलं. तळेगावला. भाऊंची कंपनीत पाळी हाय, वैनींचं गुडघं दुखत्यात, म्हनून आई मला म्हनाल्या, तू ये संगं. मी रजा टाकली सकाळच्या कँटीनच्या कामाला." आईच्या डोळ्याचं ऑपरेशन! वार ठरला, दवाखाना ठरला, सोबत ठरली, आणि मला ते भाताच्या वासाबरोबर वाऱ्यावरून कळत होतं. हेवा, राग, अपमान, सगळं एकदम उसळलं. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "सरले, तो फोन जरा दोन दिवस देतेस? माझं गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर आहे."

धडधडीत खोटं. सरलेनं एक अक्षर विचारलं नाही. फोन पदरानं पुसला, चार्जरसकट रुमालात बांधला आणि माझ्या हातात ठेवला. "लय गुनाचा हाय," ती म्हणाली. "कितींदा पडला, पर बोलायचा ऱ्हायला न्हाई. दोनला आईंचा फोन यतो. उचला बरं का, न्हाईतर काळजी करत्यात." माझ्याच आईच्या सवयी मला समजावून सांगून तिनं मला रिक्षात बसवून दिलं. सबंध रस्ता तो रुमाल मी मांडीवर घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजल्यापासूनच मी लोणावळ्याला माझ्या खिडकीत फोन समोर ठेवून बसले. दोनला वाजला. इवल्या खिडकीत नाव उजळलं, आई. ते मीच कधीकाळी लिहिलेलं, सरलेनं बदललेलं नव्हतं. अंगठ्यानं झाकण उडवलं आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, "सरले, जेवलीस का गं?" मी कुंदा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या मनातल्या मत्सरानं माझा गळा धरला. कळू तरी दे, हिला काय असं सांगते ही! मी म्हटलं, "हं."

आणि आई बोलू लागली. आमटीत आपण दोनदा मीठ घातलं, सुनेनं मुकाट्यानं ती खाल्ली, आणि ते आपल्याला मागाहून कळलं तेव्हा मोरीत जाऊन रडलो, हे सांगितलं. परसात जाताना भिंतीला हात लावून जावं लागतं, पण कोणी पाहिलं की आपण भिंत झाडत असल्यासारखं करतो, हे सांगितलं. डोळ्यात सुरी घालणार म्हणजे आपण जाग्या असणार का, आणि जाग्या असलो आणि ओरडलो तर डॉक्टर चिडेल का, असं तिनं एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं. माझ्या जिभेवर उत्तरं तयार होती. सुरी नसते गं, हल्ली दहा मिनिटांचं काम आहे, आणि दोन वर्षांपूर्वीच मी म्हटलं होतं डोळे तपासून घे, ऐकलंस का? पण मी सरला होते. मी "हं" म्हणत राहिले. मग आई म्हणाली, "कुंदीला ह्यातलं काय सांगू नगं. ती लय हुशार हाय, पर तिला ऐकाय यत न्हाई, नुसतं सांगाय यतं."

वर्गात मुलं गप्प बसली की ती ऐकत आहेत असं मी अठ्ठावीस वर्षं समजत आले. घरात आई गप्प बसली की तिला पटलं असं समजत आले. तिचं "बरं हाय" मी खरंच बरं आहे म्हणून घेत आले, आणि पुढच्या सूचनेकडे वळत आले. सरलेकडे असं काय होतं, जे माझ्याकडे नव्हतं? फोन? तो तर या घटकेला माझ्याच हातात होता! आईनं "ठिवते" म्हटलं, आणि पलीकडून शांत झालेला तो फोन मी किती वेळ कानाशी तसाच उघडा धरून बसले होते, कोण जाणे.

शनिवारी आंबीला जाऊन मी तो परत केला. "झालं का गॅसचं काम?" सरलेनं विचारलं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला उगीच वाटलं की ही हसते आहे. ती हसत नव्हती. तिला फोन मिळाल्याचा आनंद झाला होता, आणि तो पाहून माझ्या पोटात पुन्हा थोडं दुखलंच. मत्सर असा एका दुपारीत जात नसतो.

सोमवारी मात्र मी न बोलावता तळेगावला गेले. आईला आत नेलं तेव्हा तिचा हात सरलेच्या हातात होता. मी मागून चालत होते. नंतर खाटेवर आणून निजवली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अंधुकच, तोही मिटलेला. सरला चहा आणायला खाली गेली आणि मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं आईचा हात चाचपत आला, माझ्या मनगटावरच्या घड्याळाला लागला आणि तिथंच थांबला.

"कुंदे," ती म्हणाली, "त्या दिशी फोनवर बी तूच हुतीस."

ती तशीच डोळे मिटून बोलत होती. "सरला मधी मधी लय बोलती. माझं एक, तर तिचं दोन. तू नुसतं हं हं करत हुतीस."

म्हणजे ते शेवटचं वाक्यसुद्धा, माझ्याबद्दलचं, तिनं मलाच ऐकवलं होतं! "मग ओळखलंस तर बोलली का नाहीस?" मी विचारलं. "आणि मला का सांगितलंस एवढं सगळं?"

"ऐकत हुतीस म्हनून," आई म्हणाली.

थेंब किती वेळानं घालायचे, डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, कुशीवर वळायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्या ओठांवर रांगेत उभं होतं. आई पुढं बोलू लागली. आत काय झालं, दिवा केवढा मोठा होता, तिनं कोणाकोणाला हाका मारल्या, ते सांगू लागली.

मी म्हटलं, "हं."