पिओरियातली शतपावली

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, पिओरियात शिकत होतो, तेव्हा त्या शहरात पायी दिसणारा माणूस म्हणजे एकतर कुत्रा फिरवणारा, नाहीतर गाडी बंद पडलेला. माझ्याकडे कुत्राही नव्हता आणि गाडीही. मी आपला संध्याकाळी वरणभात खाऊन शतपावलीला निघायचो.

रोज एक लाल पिकअप ट्रक शेजारी येऊन थांबायचा. आतला म्हातारा टोपी मागे सरकवून विचारायचा, "गाडी बिघडली का?"

"नाही हो, जेवलोय."

तो काळजीनं बघायचा. "आम्ही जेवलो की बसतो," म्हणत शेजारच्या सीटवरचे पाने-हातोडे बाजूला सारून मला जागा करायचा. मी नको म्हटलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून निरोप घ्यायचा. नावं आम्ही कधीच विचारली नाहीत.

पुढे नोकरी लागली, मी जुनी गाडी घेतली. शतपावली सुटली आणि पोटही सुटलं.

एका संध्याकाळी त्याच रस्त्यावर म्हातारा एकटाच पायी चाललेला दिसला. मी घाबरून ब्रेक मारला, काच खाली केली. "गाडी बिघडली का?"

त्यानं टोपी मागे सरकवली.

"नाही," म्हणाला, "जेवलोय."