पावरासाहेब आणि माझे निकाल

पावरासाहेब गाडीचा हॉर्न इतका हळू वाजवायचे, की समोरच्याला ऐकू जाऊ नये अशीच त्यांची इच्छा आहे की काय, असं वाटावं. घाटातली गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक वळणावर लांबलचक हॉर्न, आणि वळण संपलं की "हां" असा एक समाधानाचा उद्गार. पण शहाद्याच्या बाजारात म्हैस आडवी येवो, नाहीतर रिक्षावाला भर रस्त्यात थांबून कुणाशी गप्पा मारत बसो, साहेब आपले शांत. मी मागून ओरडायचो, "अहो, वाजवा की जरा जोरात! गाडी तुमची, रस्ता तुमच्या खात्यानं बांधलेला, मग लाजता कशाला?" साहेब आरशातून माझ्याकडे बघून हसायचे. "निघेल हो वकीलसाहेब. त्याचं बोलून झालं की निघेल."

साहेब बांधकाम खात्यात उपअभियंता होते. मूळ गाव धडगावच्याही पलीकडे, सातपुड्यात. आश्रमशाळेत शिकले, पुढे शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले, आणि शहाद्यात आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला लागून प्लॉट घेऊन त्यांनी दुमजली घर बांधलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या पावरावहिनी, हायस्कुलात मराठी शिकवायच्या. मुलगी डॉक्टरकीला होती. मी तापीकाठच्या केळीवाल्या घरातला, वकिली करतो, तोंड चालवणं हाच माझा धंदा. साहेबांना मी आवडायचो. का आवडायचो, देव जाणे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले," आणि मी भर कोर्टाच्या आवारात उभा राहून रडलो. बरोबरच्या मंडळींना वाटलं, केवढी ही मैत्री! मैत्री होतीच. पण मी काही नुसता मैत्रीपोटी रडत नव्हतो.

संध्याकाळी साहेब माझ्या ओट्यावर यायचे आणि खुर्ची ओढून म्हणायचे, "निकाल द्या, वकीलसाहेब." मग त्या दिवशी घडलेली एखादी गोष्ट सांगायचे. प्रश्न नेहमी एकच. समोरचा माणूस असा वागला तो साहेब आदिवासी म्हणून, की तो मुळातच उद्धट म्हणून? एकदा कॉलनीत रंगकाम करणारा एक जण त्यांच्या फाटकाशी आला. साहेब झाडांना पाणी घालत होते. त्यांनाच त्यानं विचारलं, "मालक घरमा शेतस का?" साहेब म्हणाले, "आहेत, थांबा." नळ बंद केला, आत गेले, शर्ट घातला, बाहेर आले आणि म्हणाले, "मी मालक. बोला." हे सांगताना ते स्वतःच इतके हसत होते की मलाही हसू आवरेना. मी निकाल दिला, "अहो, तुम्ही बनियनवर, हातात पाइप. मलासुद्धा त्यानं माळीच समजलं असतं. उद्धट आहे तो, सगळ्यांशीच तसा बोलतो. फाइल बंद!" साहेब उठले. "बरं झालं. घरात सांगतो."

घरात सांगतो, हे महत्त्वाचं. कारण त्या घरात एक खटला चालू होता. निवृत्तीनंतर शहाद्यात राहायचं की डोंगरात परत जायचं? वहिनींना जायचं होतं. "इथे रोज परीक्षा देत जगायचं मला नको," असं त्या स्पष्ट म्हणायच्या. आणि त्यांचंही काय चूक होतं? माझीच बायको त्यांना एकदा कौतुकानं म्हणाली होती, "वहिनी, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" वहिनी म्हणाल्या, "मराठीच शिकवते ना, म्हणून असेल." बायकोला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं होतं, पण मी पेपर वाचत होतो.

साहेबांना मात्र राहायचं होतं. ते म्हणायचे, "माझा बाप चारोळी आणि डिंक घेऊन या बाजारात यायचा. त्याला बसायला जागा द्यायचे नाहीत, गटाराच्या कडेला पोतं टाकून बसायचा. त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावर मी घर बांधलंय. आता कुणाच्या चार शब्दांसाठी सोडून जाऊ?" आणि म्हणून त्यांना माझे निकाल लागायचे. वहिनींनी काही म्हटलं की सांगायला, "वकीलसाहेब म्हणतात, तो सगळ्यांशीच तसा वागतो." मी इथला, काठावरचा, त्या उद्धट मंडळींच्यातलाच एक. माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं. हे मला पुरतं माहीत होतं आणि त्याचा मला, खरं सांगतो, अभिमानही होता.

गाडी चालवणं हा साहेबांचा जीव की प्राण. खात्याचा ड्रायव्हर असला तरी सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी स्वतःच चालवणार, दुसऱ्याच्या हातात देणार नाहीत. मला नंदुरबारला काही काम असलं, खापरला एखादा पक्षकार असला, की साहेब हौसेनं यायचे. पेट्रोल पंपावर पोरगा यायचा, साहेबांना ओलांडून मागच्या काचेवर टकटक करून मला विचारायचा, "शेठ, कितलाना टाकू?" साहेब म्हणायचे, "टाकी फुल." पैसेही तेच मोबाइलवरून द्यायचे. तरी जाताना पोरगा मलाच सलाम करणार! साहेब मागे वळून म्हणायचे, "निकाल?" मी म्हणायचो, "पांढरा शर्ट, साहेब! पांढरा शर्ट घालून स्टेअरिंगवर बसाल तर कुणीही ड्रायव्हरच समजणार."

साहेबांनी पांढरे शर्ट बंद केले. निळे घेतले, चौकड्यांचे घेतले. खापरच्या हॉटेलात पाणी माझ्यासमोर आलं आणि साहेबांना वेटर म्हणाला, "तुम्हनाकरता बाहेर बाकडा शे, भाऊ." मी निकाल दिला, "गाडी जुनाट आहे तुमची, वडापच्या, भाड्याच्या जीपसारखी दिसते." पुढच्या दसऱ्याला साहेबांनी नवी गाडी घेतली. ती काही माझ्याच सांगण्यावरून घेतली असं नाही, पण माझंही सांगणं त्यात होतं. नव्या गाडीतही तेच. तेव्हा एकदा वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "शर्ट बदलला, गाडी बदलली. आता काय बदलायचं राहिलं, वकीलभाऊ?" मी म्हटलं, "आता माणसं बदलायची राहिली, वहिनी!" आणि स्वतःच्या विनोदावर मोठ्यानं हसलो. वहिनी रिकामा ट्रे उचलून आत गेल्या.

आता ऐका. या सगळ्या प्रवासांत मी मागच्या सीटवर बसायचो. पुढची जागा रिकामी. पहिल्यांदा बसलो तेव्हा मनात काहीच नव्हतं, मागचं दार उघडलं आणि बसलो. साहेब म्हणाले, "पुढे या ना." मी म्हटलं, "गुडघा दुखतो हो, मागे पाय लांब करता येतात." साहेबांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. गुडघा माझा दुखतोच, खोटं नाही. पण जावई न्यायला आला की मी त्याच्या शेजारी पुढे बसतो. गुडघा तोच. हे स्वतःशी कबूल करायला साहेबांना गाव सोडून जावं लागलं. शर्टाला दोष दिला, गाडीला दिला, त्या पोरांना दिला. ज्याच्याकडे बघून ती पोरं साहेबांना ड्रायव्हर ठरवत होती, तो मागे पाय लांब करून बसलेला शेठ मी कधी बघितलाच नाही. वकील म्हणे!

पुढे तापीकाठच्या एका गावात वास्तुशांत होती. घरमालक मोठा बागायतदार, माझा जुना पक्षकार. त्याच्या शिवाराचा रस्ता साहेबांनी मनावर घेऊन करून दिला होता, म्हणून तो स्वतः त्यांच्या घरी जाऊन पत्रिका देऊन आला होता. साहेबांना त्याचं केवढं अप्रूप! वहिनींना चारदा म्हणाले असतील, "घरी येऊन बोलावलंय." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा. येऊन मला सांगा." आकाशी शर्ट, सेंट, भेटवस्तूचा डबा, असे साहेब निघाले. मी मागे.

मांडवाच्या दाराशी गाडी थांबली. मी उतरलो तोच यजमानानं मला मिठी मारली, कुणी फेटा बांधायला घेतला. आणि माझ्या पाठीमागे यजमानाचा पुतण्या साहेबांना सांगत होता, "ओ भाऊ, गाडी तठे लावा. डायवरस्नं जेवण मांडवना मांगे शे." मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. वाटलं, साहेब सांगतील, मी कोण ते. साहेबांना वाटलं असेल, वकीलसाहेब सांगतील. गाडी हळूच पुढे गेली.

पंगतीत यजमान माझ्याजवळ आला. "पावरासाहेब दिसत नाहीत?" मी म्हटलं, "येतीलच." आणि जिलबी वाढून घेतली. उठलो का नाही? उठून सांगायचं म्हणजे चार माणसांत सांगायचं, की तुमच्या पुतण्यानं ज्याला मागे पाठवलं तो माझा शेजारी, मोठा अधिकारी. मग कुणीतरी हसून म्हणालं असतं, "वकीलसाहेब, तुम्हीच मागे बसून आलात, पोराला काय कळणार!" तेवढ्या एका वाक्याची मला भीती वाटली. त्यासाठी मी त्या अख्ख्या माणसाला मांडवाच्या मागे बसू दिलं.

परत येताना साहेबांनी गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाले, "जेवण चांगलं होतं. एक ड्रायव्हर डोंगरातल्या मोलगीचा निघाला, आमच्या लांबच्या नात्यातला." मी म्हटलं, "अरेच्चा, तुम्ही होतात कुठे?" साहेबांनी विचारलं, "तुम्ही शोधलंत मला?" मी म्हटलं, "शोधलं तर! किती शोधलं." त्यांनी आरशातून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी निकाल मागितला नाही. मीच न मागता दिला, "तो पुतण्या उद्धटच आहे, सगळ्यांशीच तसा वागतो." साहेब म्हणाले, "असेल."

घरी जाऊन त्यांनी वहिनींना काय सांगितलं, मला ठाऊक नाही. निवृत्तीचा समारंभ झाला आणि महिन्याभरात घर विकायला काढलं. मला म्हणाले, "घरच्या खटल्याचा निकाल लागला, वकीलसाहेब. बायको जिंकली." रागाचा एक शब्द नाही. राग आला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी तरी सुटलो असतो.

त्यांची शेवटची भेट त्यांच्या मुलीच्या लग्नात, डोंगरातल्या घरी. मी जीप बदलत बदलत पोहोचलो, तर साहेब उतारावर धावत आले. हात धरून त्यांनी मला अंगणात नेलं, वडीलधाऱ्यांच्या ओळीत मधोमध बसवलं. त्यांचे थोरले काका माझ्याकडे बघून पावरी बोलीत काहीतरी बोलले आणि सगळं अंगण माझ्याकडे वळलं. साहेब खाली बघत म्हणाले, "काका विचारतायत, शहाद्याच्या लोकांनी आम्हाला नीट वागवलं का. इथे लोक बोलतात, की आम्हाला तिथे कुणी आपलं म्हटलं नाही म्हणून आम्ही परत आलो. मी सांगितलं, तसं काही नाही. पण त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही तिथले." मग त्यांनी वर पाहिलं. माझ्या ओट्यावर खुर्ची ओढून बसताना बघायचे, अगदी तसंच.

खरं सांगावं तर या माणसाची त्याच्याच अंगणात, लेकीच्या लग्नात मान खाली जाणार. आणि न सांगावं तर मी पुन्हा तोच. मी घसा खाकरला. "आमची माणसं जरा उद्धट आहेत, काका. बाकी काही नाही. सगळ्यांशीच तशी वागतात." साहेबांनी त्याचं पावरीत केलं, माझ्या बोलण्यापेक्षा बरंच लांब केलं. काका खो खो हसले, अंगण हसलं. साहेबांनी माझा खांदा दाबला.

जेवायला बसलो तेव्हा वाढायला वहिनी आल्या. पळसाच्या पत्रावळीवर भात घातला, डाळ घातली आणि खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "वकीलभाऊ, आत्ता बोललात ते त्यांच्यासाठी, की स्वतःसाठी?"

मी भात कालवायला घेतला. वहिनी पुढच्या पानाकडे गेल्या. मी जेवत राहिलो. भूक लागली होती, दुसऱ्यांदा भातही मागून घेतला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.